मालवणची खानावळ

मालवणच्या किनाऱ्यावरून होडीने सिंधुदुर्ग पाहून परत येईतो दुपार टळू लागते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधावयास घेतलेल्या या जलदुर्गाचा विस्तीर्ण तट हिंडताना भूक कडाडून लागते. अशा वेळी एखाद्या गल्लीत घरगुती खानावळ अवचित दृष्टीस पडते. पाटी साधी, बाके लाकडी. परंतु ताटात सारा किनाराच उतरलेला असतो. नारळ परसातला, बांगडा पहाटेच्या जाळ्यातला. बांगड्याच्या कालवणात तिरफळे हवीतच. त्यांच्या सुगंधापुढे माशाचा वास लोपतो. शेवटी येते गुलाबी सोलकढी. रातांब्याच्या साली उन्हात वाळवून सोले करतात. ती पाण्यात भिजवून त्या आंबट पाण्यात नारळाचे दूध मिसळले, की सोलकढी सिद्ध होते. तिखट जेवणानंतर तिच्यासारखा दुसरा उतारा नाही!

असे ताट बारा महिने मात्र मिळत नाही. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांनाही मासेमारीची मनाई असते. कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत खानावळीच्या चुलीवर भाजला जातो तो उन्हाळ्यात खारवून, वाळवून ठेवलेला सुका बांगडा.