सॅक्सोफोनवादकाचा प्रपंच

सोलापुरात लग्नसराई सुरू झाली म्हणजे वरातीच्या बँडपथकात क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांच्या जोडीला सॅक्सोफोनही ऐकू येतो, आणि तो वाजविणारा तरुण चित्रपटातले नवे गाणे दोनचारदा कानांवर पडताच, पुढ्यात कागदाचा कपटाही न ठेवता, इतक्या सहजतेने उचलतो की त्याच्या श्रवणशक्तीविषयी आदरच वाटावा. अशा तरुणाने उद्या जाझ वाजवून जन्म काढण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर त्याला वेड्यात काढण्याआधी, हा प्रपंच आपल्या मुलखात पूर्वी कोणी आणि कशाच्या बळावर चालविला, याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिस येथे ज्याचे पेटंट मिळविले, ते हे वाद्य अंगाने पितळी असले तरी त्याचा ध्वनी माउथपीसला आवळून बसविलेल्या बोरूच्या पातळ पट्टीच्या, म्हणजे रीडच्या, कंपनातून निघत असल्यामुळे त्याचे गोत्र क्लॅरिनेटचे. वैशाखातल्या सोलापुरी उन्हात ही पट्टी ओठांपासून दूर होताच वाळते, तिचे टोक मुरडते आणि सूर फाटू लागतो. शिवाय हवा तापली की स्वर चढतो, म्हणून माउथपीस केसभर बाहेर ओढून तो उतरवून घ्यावा लागतो.

मुंबईत जाझ रुजले ते हॉटेलांच्या नृत्यगृहांतून. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचे पथक ताजमहाल हॉटेलात रुजू झाले, आणि अशा पाहुण्यांपासून ज्यांनी ही विद्या आत्मसात केली त्यांत गोव्याचे वादक अग्रभागी होते. याचे कारण पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत सापडते, जेथे मुलांना प्रार्थनागीतांबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनचे शिक्षण मिळत असे. नेवरा गावचे ब्राझ गोन्साल्विस हे गोव्याच्याच मातीतले सॅक्सोफोनवादक. मुंबई-कलकत्त्याच्या रेस्टॉरंटांत रात्रीची हजेरी लावून त्यांनी चरितार्थ चालविला, आणि हिंदुस्थानी रागांची स्वरावली जाझमध्ये आणण्याचा स्वतःचा शोधही जारी ठेवला, ज्याचे फळ १९७० च्या ‘रागा रॉक’ या ध्वनिमुद्रिकेत ऐकावयास मिळते.

मात्र सोलापूरच्या बँडवाल्या तरुणाला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण मनोहारी सिंग यांचे आहे. बाटानगर येथील बूट-कारखान्याच्या ब्रास बँडमध्ये वाजविणारा हा मुलगा तेथेच स्वरलिपी शिकला, कलकत्त्याच्या रात्रींच्या मैफलींतून तयार झाला, १९५८ मध्ये मुंबईस आला, पुढे राहुलदेव बर्मन यांचा प्रमुख साहाय्यक झाला, आणि २०१० साली मृत्यू येईपर्यंत वाद्याशी निष्ठा राखून राहिला. ‘आराधना’तील त्यांचा सॅक्सोफोन ज्याने ऐकला नाही असा माणूस विरळा. त्यांचे हे टिकणे केवळ गोड फुंकरीमुळे झाले असे मी मानीत नाही: समोर ठेवलेला कागद तत्क्षणी वाचून वाजविणारा, आणि कागद संपला तेथून स्वतःच्या बुद्धीने पुढे जाणारा, अशी दुहेरी पात्रता त्यांच्यापाशी होती. कानाने उचलणे आणि डोळ्यांनी वाचणे यांपैकी एकच ज्याला येते, त्याची बिदागी पहिल्या मंदीतच थांबते. सिंथेसायझर आणि संगणक यांनी चित्रपटांतील वादकांचे मोठमोठे ताफे मोडीत काढल्यानंतर तर हे प्रकर्षाने खरे आहे. आता हॉटेल, चर्च, शिकवणी, जुन्या गाण्यांचे कार्यक्रम आणि वरात, असा मिळकतीचा मेळ घालावा लागतो, आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

सॉनी रॉलिन्स या थोर अमेरिकन वादकाने १९५९ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, व्यासपीठ सोडले आणि सुमारे दोन वर्षे न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकट्याने रियाझ केला. पुढे साठच्या दशकात तो पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला, १९७८ मध्ये मुंबईच्या ‘जाझ यात्रे’त वाजवून गेला, आणि ऐंशी वर्षे उलटल्यावरही श्रोत्यांपुढे उभा राहिला. प्रसिद्धी पदरात असूनही आपल्या विद्येत उणीव आहे असे मानण्याची ती वृत्ती मला अत्यंत पूज्य वाटते.

आपल्या बँडवाल्याला नोकरी सोडून पुलावर जाण्याची गरज नाही. चातुर्मासात लग्ने थांबतात, आणि गणेशोत्सवाचे दिवस वगळले तर या काळात त्याच्या वाद्याला विशेष मागणी नसते. तेवढ्या अवधीत एकेक स्वर श्वास पुरेपर्यंत न हलविता धरावा, बाराही पट्ट्यांतल्या सप्तकांची मशागत करावी, कारण वरातीतली गाणी दोनतीन पट्ट्यांपलीकडे सहसा जात नाहीत, आणि मुंबई-पुण्याच्या एखाद्या जाणत्या शिक्षकापाशी, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाऊन का होईना, स्वरलिपीचा श्रीगणेशा करावा.