ॲपलला मॅक्लारेन कशासाठी हवी होती?

मागच्या वेळी एकानं विचारलं होतं, फोन विकणाऱ्या कंपनीला शर्यतीच्या गाड्या बनवणारी कंपनी कशाला हवी? प्रश्न रास्त आहे.

सप्टेंबर 2016मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'नं बातमी दिली, की ॲपल इंग्लंडमधली मॅक्लारेन विकत घेण्याच्या विचारात आहे. किंमत एक ते दीड अब्ज पौंड. आता बघा, 2015मध्ये मॅक्लारेनच्या गाड्या खपल्या किती? 1,654! म्हणजे डोळा खपावर नव्हता.

मग कशावर? 1981मध्ये मॅक्लारेननं फॉर्म्युला वनमध्ये कार्बन फायबरच्या सांगाड्याची पहिली गाडी उतरवली. सांगाडा हलका, तरी भक्कम. विजेच्या गाडीत वजन घटलं, की तीच बॅटरी जास्त अंतर नेते. शिवाय 2008पासून फॉर्म्युला वनच्या सगळ्या संघांच्या गाड्यांत इंजिनावर ताबा ठेवणारा संगणक मॅक्लारेन समूहाचाच होता. ॲपल तेव्हा गुपचूप स्वतःच्या गाडीवर काम करत होती. तिला हे ज्ञान आयतं मिळालं असतं.

मॅक्लारेननं मात्र अशी चर्चा सुरू असल्याचं नाकारलं. व्यवहार झाला नाही. 2024मध्ये ॲपलनं गाडीचा प्रकल्पच गुंडाळला.

मॅक्लारेन मिळाली असती तर गाडी आली असती का? मला नाही वाटत. वर्षाला दीड-दोन हजार गाड्या निगुतीनं बनवणं वेगळं, लाखो बनवणं वेगळं. हे दुसरं कसब मॅक्लारेनकडे नव्हतंच. जे विकणाऱ्याकडेच नाही, ते विकत कसं मिळणार?