तांबड्या दिव्यापुढचा दुचाकीस्वार

अमेरिकेतील अनेक चौकांत सिग्नलचा दिवा केव्हा बदलावा, हे घड्याळ नव्हे तर रस्त्यात पुरलेले तारेचे वेटोळे ठरविते. मोटार त्यावर येऊन उभी राहिली की तिच्या धातूच्या सांगाड्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतात, वेटोळ्याची प्रवर्तकता घटते आणि कोणी तरी खोळंबले आहे हे यंत्रणेला उमगते. मोटरसायकलीचा मात्र तिला पुष्कळदा मागमूसही लागत नाही. मध्यरात्री निर्मनुष्य चौकात स्वार तिष्ठत राहतो आणि हिरवा दिवा काही लागत नाही.

मोटरसायकलीचे वजन कमी पडते, हा सार्वत्रिक समज निराधार आहे. वेटोळ्याला वजन कळतच नाही. विद्युत्वाहक धातूचा विस्तार तेवढा कळतो. म्हणूनच जाणते स्वार मधोमध न थांबता वेटोळ्यासाठी डांबरात कापलेल्या खाचेवर चाके आणून उभे राहतात. यंत्रणा अधिक संवेदनक्षम करता येते. मात्र अतिरेक झाल्यास ती शेजारच्या रांगेतील मोटारीही टिपू लागते. तेव्हा प्रश्न आहे तो योग्य जुळणीचा, आणि ती जुळणी करणे हे रस्ता राखणाऱ्याचे काम आहे.

कित्येक राज्यांच्या विधिमंडळांनी मात्र निराळीच वाट धरली. तांबडा दिवा ओलांडल्याबद्दल खटला भरला गेल्यास हे कारण बचावादाखल मांडण्याची मुभा मिनेसोटाने २००२ मध्ये दिली. व्हर्जिनियाने २०११ मध्ये दोन मिनिटे किंवा सिग्नलची दोन आवर्तने थांबल्यावर, सावधपणे पुढे जाण्याची परवानगी दिली. विस्कॉन्सिनला ४५ सेकंदच पुरेसे वाटले.

ही उदारता महागडी आहे. दुरुस्तीचा खर्च सरकारी हिशेबातून वगळला म्हणून तो नाहीसा होत नाही. जिवाच्या जोखमीच्या रूपाने तो स्वाराच्या नावे मांडला जातो. आडव्या रस्त्याने येणाऱ्या चालकाला हिरवाच दिवा दिसत असतो. अपघात झालाच, तर सावधगिरी बाळगली नाही हा ठपका येणार तो स्वारावर! अमेरिकेत नोंदलेल्या शंभर वाहनांत मोटरसायकली जेमतेम तीन. भारतात दुचाकींचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश. तेथे हा बोजा त्यांच्या माथी मारणे सोपे गेले, त्याचे एक कारण हेच असावे.

कॅलिफोर्नियाचा २००७ चा कायदा अधिक सरळ आहे. नव्याने बसविलेल्या वा बदललेल्या यंत्रणेने मोटरसायकली आणि सायकलीही ओळखल्याच पाहिजेत, अशी सक्ती त्याने केली. जुन्या वेटोळ्यांना मात्र ती लागू नाही. ती बदलली जाईपर्यंत तेथील स्वारालाही खाच शोधीतच उभे राहावे लागते.