संशोधनाचा पैसा अहेरीपर्यंत कसा येतो?

व्हायव्हॅक्स मलेरियाच्या रुग्णाला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायच्या असतात. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, रोवणी खोळंबलेली असते आणि माणूस उठून बांधीत जातो. उरलेल्या गोळ्या घेतल्या नाहीत, तर यकृतात दडलेला परजीवी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. आपल्या भागातले किती रुग्ण खरोखर चौदाव्या दिवसापर्यंत पोचतात? गोळ्या दिल्याची नोंद दवाखान्याच्या रजिस्टरात असते. त्या पोटात गेल्या की नाही, हे गावोगावी जाऊन, घरात बसून, पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजूनच कळेल.

अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला किंवा परिचारिकेला विचारा, असे चार-सहा प्रश्न लगेच निघतील. सर्पदंशाचा रुग्ण आधी पुजाऱ्याकडे किती वेळ घालवतो? सिकलसेलची मुले पावसाळ्यात जास्त वेळा भरती होतात, की तसे फक्त वाटते? प्रश्न साधे आहेत, पण उत्तर काढायला माणसे, गाडी, तपासणीचे साहित्य आणि वर्ष-दोन वर्षांचा वेळ लागतो. म्हणजे पैसा लागतो. आरोग्यावरच्या संशोधनासाठी आपल्या देशात पैसा आहे, आणि तो बहुतांशी तुमच्या-आमच्या करांचाच आहे. तो इकडे फारसा येत नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे इथून अर्जच जात नाहीत.

हा पैसा कोण देते? आरोग्याच्या बाबतीत सर्वांत मोठे नाव भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे. ही संस्था १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ म्हणून सुरू झाली. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक मुंबईत, पुढे हाफकिनचे नाव मिळालेल्या प्रयोगशाळेत झाली होती. १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना ती प्रकल्पासाठी अनुदान देते. दोन कोटी रुपयांपर्यंतचा प्रकल्प तिच्या हिशेबात ‘लहान’ गटात मोडतो, हे ऐकून आमच्या एका सहकाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला होता! एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची छोटी शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना संशोधनासाठी मदत करते. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे. २०२३ च्या कायद्याने उभे राहिलेले ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ आहे. त्याच्या एका योजनेत नावाजलेली संस्था केंद्रस्थानी असते आणि तिच्याशी राज्यांतली तुलनेने दुबळी विद्यापीठे जोडली जातात. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. कोणत्या योजनेचा अर्ज केव्हा निघतो, मर्यादा काय, वयाची अट आहे का, हे दरवर्षी बदलते. म्हणून वर्षापूर्वीच्या माहितीवर विसंबू नये. मूळ सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

मात्र या सगळ्यांनाच अर्जावर एक पत्ता लागतो. अनुदान डॉक्टरच्या नावावर येत नाही, ते संस्थेच्या खात्यात येते. संस्था संशोधनासाठी मान्य असावी लागते, तिच्या प्रमुखाची सही लागते, हिशेब तपासणारी यंत्रणा लागते. उपजिल्हा रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी इथेच थांबतो. त्याच्याकडे रुग्ण आहेत आणि प्रश्नही आहेत, पण संशोधनाचा पत्ता नाही. वर बदलीची टांगती तलवार असतेच. प्रकल्प तीन वर्षांचा आणि बदली दीड वर्षात, असे झाले तर काम कोण पुढे नेणार?

आमच्या दोन जिल्ह्यांत आता असे पत्ते आहेत, हे लोकांना पुरेसे माहीत नाही. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. आयसीएमआरच्या मुंबईतल्या रक्तविकार संस्थेचे, सिकलसेलसारख्या आजारांवर काम करणारे केंद्र चंद्रपुरातच आहे. तालुक्यातल्या डॉक्टरने यांपैकी एखाद्या ठिकाणच्या प्राध्यापकाला मुख्य संशोधक करावे आणि स्वतः सहसंशोधक व्हावे. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. प्राध्यापकाकडे संख्याशास्त्रज्ञ आणि लेखा विभाग असतो, तुमच्याकडे गावे असतात. विज्ञान महाविद्यालयात डासांच्या अळ्यांवर किंवा पिण्याच्या पाण्यावर काम करणाऱ्या प्राध्यापकांनीही रुग्णालयाचे दार ठोठवावे. अशा जोडगोळीचा प्रस्ताव परीक्षकांच्या नजरेत भरतो, कारण तसे प्रस्ताव दुर्मीळ असतात.

गडचिरोलीतून जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते का, ही शंका आता कोणी घेऊ नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था इथे स्थापन केली. त्यांचा स्त्रीरोगांवरचा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला, तेव्हा त्यातली गावे होती फक्त दोन आणि स्त्रिया ६५०. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्री म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढाच सरकारी विचार होता. दोन गावांच्या मोजणीने त्याला धक्का बसला.

नवजात बाळांवरचे त्यांचे काम मला अर्ज लिहिणाऱ्यांसाठी अधिक शिकण्यासारखे वाटते. १९९३ पासून ३९ गावांत आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांत जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद सुरू झाली. उपचार सुरू व्हायला अजून अवकाश होता. १९९५-९६ मध्ये घरी जन्मलेल्या व राहिलेल्या ७६३ बाळांचे निरीक्षण केले, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि डॉक्टरपर्यंत पोचली होती २.६ टक्के. हा आकडा हाती आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला: बाळ दवाखान्यात जात नसेल, तर उपचार घरी नेता येईल का? मग गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेही शिकवले गेले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये आशाताईंच्या घरभेटींच्या रूपाने देशभर गेले. तुमच्या घरी बाळंतपणानंतर तराजू घेऊन येणारी आशाताई या जिल्ह्यातल्या संशोधनातून आलेली आहे.

‘सर्च’ ही स्वयंसेवी संस्था, तिच्या अडचणी आणि सोयी वेगळ्या. सरकारी माणसाला तिची नक्कल करता येणार नाही. पण आधी मोजणी, मग प्रश्न, मग मागणी हा क्रम मात्र उचलता येतो. आमच्याकडे उलटे होते. अर्ज निघाल्याची सूचना येते, शेवटच्या तारखेला आठ दिवस असतात, आणि कुणीतरी म्हणते, “काहीतरी टाकून देऊ.” असे ‘काहीतरी’ परीक्षक दुसऱ्या पानावर ओळखतात.

प्रायमाक्विनचाच प्रश्न घेऊन पाहू. प्रस्तावात पहिल्यांदा विचारतात, किती रुग्ण पाहणार? शंभर, कारण आकडा गोल आहे, असे चालत नाही. किती जण डोस पूर्ण करतात याचा काहीच अंदाज नसेल, तर निम्मे करतात असे धरायचे. उत्तर ५ टक्के इकडे-तिकडे चालेल आणि ९५ टक्के खात्री हवी असे ठरवले, की सूत्रातून ३८४ हा आकडा येतो. पण एका गावातली माणसे एकमेकांसारखी वागतात. आशाताई चिकाटीची असेल, तर अख्खे गाव गोळ्या संपवते. म्हणून गावे निवडून अभ्यास करताना संख्या वाढवावी लागते. ती दुप्पट धरली तर ७६८. व्हायव्हॅक्सचे एवढे रुग्ण एका तालुक्यात एका हंगामात मिळतात का, हे जुनी रजिस्टरे उघडून आधीच पाहायचे. मिळत नसतील तर दोन तालुके घ्या किंवा दोन हंगाम. हा हिशेब अर्जात दिसला, की लिहिणाऱ्याचे पाय जमिनीवर आहेत हे वाचणाऱ्याला कळते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. महानगरात बसून आखलेल्या प्रकल्पात बारा महिने सारखे असतात. इथे मार्च-एप्रिलमध्ये लोक मोह वेचायला पहाटेच रानात जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. मलेरियाचा जोर नेमका पावसाळ्यात आणि त्यानंतर. तेव्हा कार्यकर्ते पूर येण्याआधी पलीकडे राहायला गेले पाहिजेत, त्यांच्या मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात आला पाहिजे. गाडीचाही. अहेरीहून गडचिरोली शंभराहून अधिक किलोमीटर आहे. रक्ताचे नमुने थंड ठेवून तिथे न्यायचे तर बर्फाच्या पेटीपासून चालकाच्या भत्त्यापर्यंत सगळे लिहावे लागते. पैसे कमी मागितले तर अर्ज लवकर मंजूर होतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ज्या रकमेत काम होणारच नाही ती मागणारा अर्जदार अनुभवी परीक्षकाला अननुभवी वाटतो.

तिसरी गोष्ट भाषेची. संमतीपत्र मराठीत छापून आणले म्हणजे संमती मिळाली, असे होत नाही. इथे कुणी माडिया बोलतो, कुणी गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू. वाचता न येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगायचे आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर अंगठा घ्यायचा, असा नियम आहे. माडिया बोलणारी मुलगी कार्यकर्ती म्हणून नेमायची, तर तिचा पगारही अंदाजपत्रकात दाखवायचा.

प्रस्ताव आधी नैतिकता समितीपुढे जातो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचा. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. हा सामान्य नागरिक म्हणजे निवृत्त शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष, हा लेख वाचणारे तुम्हीही असू शकता. “ही सुई दोनदा का टोचणार?” एवढा एक प्रश्न विचारणारा माणूस समितीत असला, तरी पुष्कळ फरक पडतो. स्थानिक समित्यांना असे सदस्य सहज मिळत नाहीत. बोलावले तर जरूर जा.

परदेशी पैशाची वाट वेगळी आणि लांब आहे. आरोग्य संशोधनात परदेशी मदत किंवा भागीदार असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. स्वयंसेवी संस्थांना परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी लागते. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याने तिकडे वळू नये, असे माझे मत आहे.

पहिला अर्ज बहुधा नामंजूर होतो. चांगल्या संशोधकांचेही होतात. परीक्षकांचे शेरे मिळाले, तर ते दोन दिवस बाजूला ठेवावेत आणि मग शांतपणे वाचावेत. त्यात एखादा शेरा तिरकस असतो, पण बाकीचे फुकट मिळालेली शिकवणी असते. सुधारून त्याच किंवा दुसऱ्या दारी पुन्हा जाता येते. मंजूर झालाच, तर खरी कसोटी ३१ मार्चची. मिळालेला पैसा कशावर गेला याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. हप्ता उशिरा येतो तेव्हा कार्यकर्तीचा पगार थकतो, आणि थकलेल्या पगारावर नदीपलीकडे मुक्काम करायला कोणी तयार नसते. संस्थेच्या लेखापालाला प्रकल्पात पहिल्या दिवसापासून ओढून घ्यावे. त्याला चहाला बोलावणे हाही संशोधनाचाच भाग समजावा.

आणखी एक खर्च अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. काही वर्षांपूर्वी बाहेरचे एक पथक आमच्या भागात येऊन रक्ताचे नमुने घेऊन गेले. नाव घेत नाही. त्या गावातल्या एका आजीने मला नंतर तीन वेळा विचारले, “डॉक्टरसाहेब, आमच्या रक्तात काय निघालं?” मी विचारपूस केली, उत्तर आले नाही. अभ्यास संपल्यावर गावात परत जाऊन, लोकांच्या भाषेत, काय सापडले ते सांगायचे असेल, तर त्यासाठी प्रत्येक गावामागे एका दिवसाची गाडी, एक दुभाषी आणि सभेचा चहा, एवढी तरतूद लागते. ती प्रस्ताव लिहितानाच करावी लागते, कारण प्रकल्प संपला की खातेही बंद होते.