वाइनच्या गावी, सहकुटुंब!

युरोप ट्रिप म्हटलं की ठरलेलं पॅकेज आठवतं. दहा दिवस, सहा देश आणि पहाटे साडेसहाला लॉबीत बॅगा. आईला पिसाचा मनोरा हवा असतो, बाबांना खर्चाचा मेळ, आजीला वेळेवर चहा आणि तुम्हाला निदान नऊपर्यंत झोप. हे सगळं एका ठिकाणी जमवायचं असेल तर एक पर्याय आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या टेकड्यांत, एखाद्या शेतातल्या घरात चार रात्री मुक्काम ठोकायचा. या भागाचं नाव कियांती. स्पेलिंग बघून ‘चिआंती’ म्हणाल, पण तसं म्हणू नका!

‘वाइनच्या गावाला? आजीला घेऊन?’ हा प्रश्न घरात येणारच. पण कियांतीत वाइन हा आधी शेतमाल आहे. आपल्याकडे ऊस किंवा कांदा, तसा. १७१६ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फर्मान काढून कियांती कुठून कुठपर्यंत, हे ठरवून दिलं. बाटलीवरचा काळा कोंबडा हा इथल्या उत्पादकांच्या संघाचा शिक्का, तोही १९२४ पासूनचा. त्याची दंतकथा भारी आहे. फ्लॉरेन्स आणि सिएनाचं हद्दीवरून भांडण होतं. ठरलं असं, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल आणि दोघं भेटतील तिथं सीमा. सिएनाने आपला कोंबडा खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी ठेवला. तो बिचारा भुकेने मध्यरात्रीच ओरडला आणि जवळजवळ सगळं कियांती फ्लॉरेन्सला मिळालं.

खाली गोठा, वर माणसं

आता त्या घराबद्दल. दगडी भिंती, लाल कौलं, समोर सायप्रसची रांग. फोटो झकास येतात. पण हे घर कुणी फोटोसाठी बांधलेलं नाही. खाली बैलांचा गोठा आणि वर माणसं, अशी याची जुनी रचना. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक अर्धं-अर्धं. या पद्धतीला तिथे ‘मेझाद्रिया’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी ‘अर्धा’ हाच अर्थ आहे. आपल्याकडे ‘अर्धेलीनं जमीन केली’ म्हणतात ना, तेच.

एका घरात तीन-तीन पिढ्या, भाऊ, भावजया, पोरं. बाहेरचा कारभार घरातल्या कर्त्या पुरुषाकडे, स्वयंपाकघर आणि कोंबड्या कर्त्या बाईकडे. सणाला मालकाच्या वाड्यावर अंडी आणि कोंबडे पोचवायचे. घरातल्या मुलाचं लग्न ठरवायचं तरी मालकाची संमती लागायची. आजीला हे सांगून बघा, तिला फार समजवावं लागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने वाढले आणि तरुण पोरं शहराकडे निघाली. १९६४ मध्ये इटलीने अर्धेलीचे नवे करार कायद्याने बंद केले. तोवर टेकड्यांवरची घरं ओस पडायला लागलीच होती. पुढे त्यातली कितीतरी परदेशी लोकांनी घेतली. इंग्रज इतके आले की या भागाला गमतीने ‘कियांतीशायर’ म्हणायला लागले.

शेत आधी, पाहुणा नंतर

मग राहिलेल्या शेतकऱ्यांनी तग कसा धरला? एक आधार मिळाला १९८५ च्या कायद्याचा. ‘अग्रितुरिज्मो’, म्हणजे शेतावरचं पर्यटन. शेतकऱ्याला पाहुणे ठेवायची आणि त्यांना जेवू घालायची मुभा मिळाली. अट एकच, पण महत्त्वाची : मुख्य काम शेतीच राहिलं पाहिजे. २००६ मध्ये नवा कायदा आला, त्यातही हे कलम कायम आहे. म्हणजे बुकिंगच्या पैशात शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीला गावात राहायचं एक कारण मिळतं. आपल्याकडेही २०२० मध्ये महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण आलं. त्यामुळे शेती सोडून पुण्या-मुंबईला शिकायला आलेल्या प्रत्येकासाठी यात विचार करण्यासारखं काही आहे.

मात्र सगळंच गोड नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं तोडणारे बरेच हात हंगामी मजुरांचे असतात. पूर्व युरोप, आफ्रिका, आशियातून आलेल्या माणसांचे. रीलमध्ये ते सहसा दिसत नाहीत.

कामाच्या गोष्टी

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. इथलं गरिबाचं जेवणच मुळात घेवडा, पालेभाजी आणि शिळ्या पावावर उभं आहे. ‘रिबोल्लिता’ म्हणजे ‘पुन्हा उकळलेलं’ : कालचं सूप, त्यात शिळा पाव. आपल्या फोडणीच्या पोळीची इटालियन मावसबहीणच. फक्त सूपमध्ये मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारून घ्या. चीजही जपून. पार्मिजानोमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनोतही बहुधा प्राण्यांपासूनचंच. आणि पावात मीठ नसतं. कुणी विसरलेलं नाही, टस्कनीत तो तसाच करतात.

गावांमधल्या बस कमी, त्यामुळे गाडी लागते. ज्यांचं वय २१ च्या आत आहे किंवा लायसन्सला तीन वर्षं झालेली नाहीत, त्यांना गाडी चालवताना रक्तात अल्कोहोल शून्य, हा तिथला नियम. मग टेस्टिंगच्या दिवशी स्टिअरिंग न पिणाऱ्या बाबांच्या हाती. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात गाडी घालू नका. बाहेरच्या गाड्यांना तिथे बंदी आहे, कॅमेरे लावलेत आणि दंडाची चिठ्ठी नंतर घरी येते.

ग्रेव्ह गावात एक संध्याकाळ काढाच. चौक चक्क त्रिकोणी आहे आणि मधोमध पुतळा आहे जोव्हान्नी दा व्हेराझानोचा. १५२४ मध्ये न्यूयॉर्कच्या खाडीत पोचलेला दर्यावर्दी तो.

बुक करताना स्विमिंग पूल आहे का, हे सगळेच बघतात. तुम्ही आणखी एक बघा : तिथे खरंच शेती चालते का? आणि पोचल्यावर मालकिणीला विचारा, ‘या घरात पूर्वी कोण राहायचं?’ खरं तर हा प्रश्न आजीलाच विचारू द्या. अर्धेली, वाटणी, मालकाचा वाटा, हे सगळं तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. तुम्ही फक्त फोनवर ट्रान्सलेट उघडा आणि मध्ये बसा.