पेहरावाची परंपरा – लेखांक ९ : जुन्या काळच्या नायिकांकडून नेमके काय घ्यावे?

गेल्या शतकातल्या एखाद्या गाजलेल्या स्त्रीचा पेहराव डोळ्यांसमोर ठेवून स्वतःची शैली घडवायची, तर तो पेहराव तिने का निवडला आणि त्याने तिची कोणती अडचण सुटली, हे आधी पाहावे लागते. ते न पाहता पोशाख जसाच्या तसा उचलला, की तो स्नेहसंमेलनातल्या वेशभूषेसारखा दिसतो.

विचारपूर्वक निवडलेल्या पेहरावाचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे इंदिराराजे. सयाजीराव गायकवाड आणि दुसऱ्या चिमणाबाई यांच्या या कन्येचा विवाह १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी झाला आणि १९२२ मध्ये त्यांना वैधव्य आले. माहेरच्या राजवाड्यातला थाट भरजरी वस्त्रांचा. इंदिराराजेंनी त्याऐवजी शिफॉन जवळ केले आणि फ्रान्समधून साडीच्या पन्ह्याचे कापड विणून आणवले. भरजरी साडी अंगावर उभी राहते, शिफॉन अंगावरून ओघळते. जरीची झळाळी गेली, की नजर निऱ्यांच्या आणि पदराच्या पडण्याकडे वळते, आणि तिथे नेसण्याचे कसब लपत नाही. त्यांच्या कन्या, जयपूरच्या गायत्रीदेवी, यांनी हीच वाट पुढे नेली. फिकट रंगाची शिफॉन साडी आणि मोत्यांचा सर एवढ्यावर त्यांची ओळख ठरली. इथे घेण्यासारखी गोष्ट राजघराण्याची श्रीमंती नव्हे. एकरंगी, हलके, चांगले पडणारे कापड निवडावे आणि त्यावर एकच दागिना घालावा, एवढेच घ्यायचे.

हे सूत्र म्हैसूरमध्ये विनासायास जमते. कृष्णराजसागर रस्त्यावरच्या मेटगळ्ळीत, टायरच्या कारखान्याच्या परिसरात, नोकरीसाठी येजा करणाऱ्या बाईला रोज शिफॉन सांभाळणे शक्य नाही. पण याच शहरात चौथ्या कृष्णराज वडियारांनी १९१२ मध्ये सुरू केलेल्या रेशीम कारखान्याची क्रेप साडी मिळते. क्रेपच्या धाग्याला भरपूर पीळ दिलेला असतो. विणून झाल्यावर कापड उकळून रेशमाचा डिंक काढला, की तो पीळ मोकळा होऊ पाहतो आणि कापडावर बारीक रवाळ पोत उठतो. त्यामुळे साडी शिफॉनसारखी ओघळते, मात्र पारदर्शक राहत नाही. मधले अंग साधे आणि काठाला जर, ही तिची जुनी घडण इंदिराराजेंच्या कल्पनेपासून फार दूर नाही. किंमत मात्र बेताची नाही, त्यामुळे ती सणासमारंभालाच निघते. रोजच्या वापराला मऊ सुती साडीवरही तेच सूत्र चालते.

कापडानंतर येतो रंग. म्हैसूरच्याच जगनमोहन पॅलेसमध्ये दिवा हाती धरलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र आहे. ते राजा रविवर्म्याचे समजणारे प्रेक्षक बरेच असतात. ते काढले सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी, १९४५-४६ च्या सुमारास, आणि समोर उभी होती त्यांची कन्या गीता. दिव्याचा उजेड बोटांमधून लालसर झिरपतो आणि साडीचा जांभळट रंग त्या उजेडाला शांतपणे उत्तर देतो. रंग कोणत्या उजेडात पाहिला जाणार, याचा विचार कपडे निवडताना फार कमी लोक करतात. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली घेतलेली साडी संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यांत वेगळीच दिसते.

जुन्यातून नवे काढण्याची रीत सर्वांत नेटकी दिसते ती चित्रपटांच्या वेशभूषाकार भानू अथय्या यांच्या कामात. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या, जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या भानुमतींनी ‘गांधी’साठी जॉन मोलोंसोबत १९८३ मध्ये ऑस्कर मिळवले, तेही भारतासाठी पहिले. ‘आम्रपाली’ (१९६६) साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. वैजयंतीमालांच्या अंगावरची वस्त्रे आणि अलंकार तिथून आले. ‘वक्त’ (१९६५) मध्ये अभिनेत्री साधनाला त्यांनी अंगाबरोबर बेतलेला कुर्ता आणि चुडीदार दिला. कुर्ता-चुडीदार काही नवा नव्हता, बेत नवा होता. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधल्या नाचासाठी मुमताजची केशरी साडी त्यांनी चक्क शिवून घेतली आणि तिला चेन लावली, कारण त्या उड्यांमध्ये नेसलेली साडी टिकली नसती. आज दुकानांत मिळणाऱ्या तयार नेसवलेल्या साडीचे तत्त्वही हेच आहे.

साधनाच्या कपाळावरच्या बटा हाही असाच तोडगा. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) च्या वेळी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना तिचे कपाळ रुंद वाटले. ऑड्री हेपबर्नच्या केशरचनेवरून ते झाकले गेले आणि ‘साधना कट’ देशभर पोचला. अरुंद कपाळाच्या मुलींनीही तो हौसेने करून घेतला आणि त्यांचा चेहरा उगाच आखूड दिसू लागला. कारण सोडून नक्कल केली की असे होते.

अभिनेत्री स्मिता पाटील यांची गोष्ट उलट्या बाजूची. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचताना त्या जीन्सवरच साडी नेसत, असे सांगितले जाते. पडद्यावर कमरेखालचा भाग दिसत नसे, त्यामुळे ते खपूनही जाई. पुढे हातमागाच्या सुती साड्या हीच त्यांची ओळख ठरली. नोकरदार बाईला यातून मिळते ती मोकळीक : दिसणाऱ्या भागावर नेटकेपणा, बाकी आपल्या सोयीने.

प्रत्यक्ष कपडे शिवायची वेळ आली की शिंप्यासमोर नुसता फोटो धरून भागत नाही. फोटोतली बाही हवी की गळा, हे आधी ठरवावे आणि एका ब्लाऊजसाठी त्यातली एकच गोष्ट घ्यावी. साठच्या दशकातल्या बिनबाह्यांच्या ब्लाऊजचे सौंदर्य मुंढ्याच्या कापात असते. मुंढा सैल राहिला तर काखेत फट दिसते, घट्ट झाला तर हात वर करता येत नाही, म्हणून पहिल्या ट्रायलला दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहावे. चुडीदारचे कापड उरेब, म्हणजे तिरके, कापायला सांगावे. सरळ कापलेला चुडीदार गुडघ्यात ताणला जातो, बसताना शिवण उसवते आणि घोट्यावर चुड्याही नीट पडत नाहीत. उरेब कापाला कापड जास्त लागते, तेव्हा घेतानाच अर्धा मीटर वाढवून घ्यावे.