श्वासावरचा पहारा

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअरच्या वस्तीतून अथवा घाऊक बाजारात गोणी वाहणाऱ्या एखाद्या माथाडीच्या घरातून चार-पाच वर्षांचे मूल कडेवर घेऊन आई जेव्हा रुग्णालयात येते, तेव्हा तिची कैफियत बहुधा एकाच वळणाने जाते: पंधरवड्यापूर्वी जुलाब लागले होते, ते औषधाने थांबले, परवापासून पोर जिना चढायला कुरकुरू लागले, काल पाय दुखतात म्हणून रडले, आणि आज तर उभेच राहत नाही. लाडावले असेल असे समजून घरात गेलेले ते दोन दिवस फार मोलाचे असतात. डॉक्टर गुडघ्याखाली छोट्या हातोडीने ठोका देतात, आणि जो पाय आपसूक उडायला हवा तो निश्चल राहतो.

1916 साली ज्या फ्रेंच वैद्यांनी या विकाराचे वर्णन केले, त्यांच्यावरून त्याला गुलियन-बॅरे हे नाव पडले. महाराष्ट्राच्या घराघरांत तो जीबीएस म्हणून पोहोचला तो मात्र 2025 च्या जानेवारीत, पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात रुग्णांची रीघ लागली आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला तेव्हा. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर नामक जिवाणूच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंतील रेणूंशी इतके साम्य राखतात, की जिवाणूच्या नाशासाठी देहाने सिद्ध केलेली प्रतिपिंडे स्वकीय तंतूंवरच तुटून पडतात, आणि पावलांपासून सुरू झालेला लुळेपणा चढत चढत छातीपर्यंत जाऊ शकतो.

पंधरा वर्षांखालील मुलाचे पाय असे अकस्मात लुळे पडले, की पोलिओ देशातून गेला असला तरी त्याची वर्दी आरोग्य खात्याला तातडीने द्यावी लागते, आणि शौचाचे दोन नमुने, किमान चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले, थंड पेटीतून प्रयोगशाळेकडे रवाना होतात. हवालदिल बापाला ही दप्तराची कटकट वाटते; पण ती दक्षता आजही सुटलेली नाही, याचे मला समाधान वाटते.

एरवी हुकमी ठरणारी स्टिरॉइडे येथे कामास येत नाहीत, आणि रक्तद्रव बदलण्याचा उपाय लहानग्याच्या बारीक शिरांना जड जातो. म्हणून इलाज उरतो तो इम्युनोग्लोब्युलिनचा. वजनाच्या दर किलोमागे एकूण दोन ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत विभागून. परिचारिका शीतपेटीतील बाटली बाहेर काढून खोलीच्या उष्णतेला येऊ देते, फेस होऊ नये म्हणून न हलवता हलकेच फिरवते, बाटलीवरचा बॅच क्रमांक रुग्णपत्रिकेत नोंदवते आणि पंपावर गती अगदी मंद ठेवते. नाडी, ताप, रक्तदाब यांची खातरजमा झाल्यावाचून ती वाढवत नाही.

परंतु औषधाहून कठीण काम श्वासावर पहारा ठेवण्याचे. मोठ्या माणसाप्रमाणे यंत्रात फुंकणे या वयाला साधत नाही. तेव्हा अंगणवाडीत शिकलेले अंकच उपयोगी पडतात. "बाळा, एका दमात मोज बघू," असे परिचारिका म्हणते आणि काल दहापर्यंत अखंड गेलेला स्वर आज सहावरच तुटला, तर ती आईसमोर चेहरा पालटू न देता उठते आणि डॉक्टरांना बोलावते. "ताई, त्याला निजवताना डोकं वर ठेवा," एवढेच जाताना सांगते. रडण्याचा आवाज क्षीण होणे, खोकला पोकळ होणे, दूध गिळताना ठसका लागणे, या साऱ्या खुणा कान आणि डोळे यांनीच टिपाव्या लागतात. वेळीच कृत्रिम श्वासयंत्र लाभले, तर ते दिवस निभावतात.

इम्युनोग्लोब्युलिन हे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून निर्माण होते. तुर्भ्याच्याच औद्योगिक पट्ट्यात, रबाळे येथे, रिलायन्स लाइफ सायन्सेसमध्येही ते तयार होते; तरी चौदा किलोच्या मुलाला लागणाऱ्या अठ्ठावीस ग्रॅमची किंमत रोजंदारीच्या माणसाच्या आवाक्याबाहेरची असते, आणि पैशांच्या तजविजीत तो बाजार, नातलग आणि सरकारी आरोग्य योजनेची खिडकी यांमध्ये धावत राहतो. साथ आली म्हणजे सरकार जी सवलत जाहीर करते, ती साथीवाचून आजारी पडलेल्या एकट्या मुलालाही तितक्याच त्वरेने मिळाली पाहिजे आणि त्यासाठी प्रत्येक महापालिका रुग्णालयात या बाटल्यांचा राखीव साठा असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत पुन्हा चालू लागतात. पण तो दिवस येईपर्यंत दररोज घोट्यांचा व्यायाम करून घ्यावा लागतो, आणि घरी गेल्यावर ते काम आईच्याच वाट्याला येते.